बरोबर पान शेवटी

घोडेगाव, ८ जुलै २०२४

प्रितम,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू घाबरला असशील, म्हणून आधीच सांगते. सगळे ठीक आहेत. मम्मीचे गुडघे दुखतात, पण ते ती तुला फोनवर सांगतेच. मी कागदावर लिहितेय, कारण मोबाइलवर लिहायला घेतलं की चार शब्द लिहून पाच पुसते. गेली कित्येक वर्षं तू दिवाळीला दोन ओळी पाठवतोस आणि मी अंगठा पाठवते. याला बोलणं म्हणत नाहीत, हे मलाही कळतं.

माझी बदली झाली, हे मम्मीने सांगितलं असेल. आता मी उंबरदांडला आहे. डिंभे धरणाच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत तीस-पस्तीस घरांची वाडी. पहिली ते चौथी, मुलं एकोणीस. शाळा दोन शिक्षकांची, पण दुसरी जागा रिकामी आहे. म्हणजे चारही वर्ग माझेच. आठवडाभर घोडेगावात खोली घेऊन राहते, शनिवारी शाळा सुटली की मंचरला घरी जाते, रविवारी संध्याकाळी परत येते.

आता मुद्द्याचं. पुण्याच्या एका संस्थेने शाळेला सहा टॅब्लेट दिले. त्यात गणिताचे खेळ आहेत. हसू नकोस. जिने तुझ्या हातातून कितीतरी वेळा माऊस काढून घेतला, तीच आता रोज सकाळी सहा टॅब्लेट चार्ज करून, टॉवेलात गुंडाळून, स्कूटीवर दहा-बारा वळणं चढून नेते आणि मुलांना म्हणते, "चला, खेळायला बसा." वाडीत विजेचा भरवसा नाही आणि फोनला रेंज नाही. संध्याकाळी घोडेगावात आले की सगळ्या खेळांचे निकाल आपोआप संस्थेकडे जातात.

मुलांना खेळ फार आवडतात. एका टॅब्लेटवर तिघं बसतात. जी मुलं पाढे म्हणताना खिडकीबाहेर बघायची, ती आता सातचा पाढा बोटांवर मोजून का होईना, पण स्वतः काढतात. मला मात्र यातलं काही कळत नाही. खेळ मुलांना शिकवतोय की नुसता गुंतवून ठेवतोय, हे कसं ओळखायचं? तुझा दिवस यातच जातो. खेळ बनवताना लोक कुठे अडकतात ते बघणं हेच तुझं काम आहे, असं मम्मी म्हणाली. म्हणून विचारते.

जुनं काही काढत नाही. त्या फेब्रुवारीबद्दल या पत्रात काही नाही.

रिंकूताई

*

घोडेगाव, १ सप्टेंबर २०२४

प्रितम,

तुझा मेसेज मिळाला. "खेळ शिकवतो का ते रिपोर्टमध्ये बघू नकोस. खेळताना मुलाचा चेहरा बघ." एवढंच लिहिलंस, पण लिहिलंस. मी ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवलं. आणि तरीही नेमकी उलटी वागले, ते आता सांगते.

आमच्या चौथीत एक मुलगी आहे. दाखल्यावर वर्षा, पण वाडीत सगळे वरसू म्हणतात, वरसूबाई देवीवरून. बोलत नाही. मुकी नव्हे, बोलायचं नाही म्हणून बोलत नाही. काही विचारलं की ओढणीचं टोक तोंडात धरते. वडील मंचरच्या मार्केटात हमाल आहेत, पंधरा दिवसांनी घरी येतात. घरात आई लंकाबाई आणि आजोबा गेणभाऊ. खाचरात भात, वर डोंगरउतारावर नाचणी आणि वरई.

टॅब्लेटवर बेडकाचा एक खेळ आहे. तळ्यात कमळाची चार पानं, प्रत्येकावर एक आकडा. गणित दिसतं, बेडकाला बरोबर आकड्याच्या पानावर उडवायचं. बरोबर आलं तर बेडूक टाळ्या वाजवून पुढे जातो. चुकलं तर पान बुडतं, बेडूक पाण्यात पडतो, परत वर येतो आणि पुन्हा तेच गणित. पहिल्या बोटाला बरोबर आलं तरच निकालात धरतात. महिन्याच्या शेवटी संस्थेकडून रंगीत कागद येतो. हिरवं मूल म्हणजे छान, पिवळं म्हणजे बरं, लाल म्हणजे मागे पडलेलं.

ऑगस्टच्या कागदात वरसू लाल होती. नुसती लाल नाही. एकसष्ट गणितांतलं एकही तिला पहिल्यांदा आलेलं नव्हतं. आणि मी तो कागद पालकसभेला भिंतीवर लावला. केंद्रप्रमुख येणार होते, आमची शाळा किती पुढे आहे ते त्यांना दिसावं म्हणून. वाचता न येणाऱ्या माणसालाही लाल रंग कळतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेणभाऊ शाळेच्या पायरीवर येऊन बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बाई, पोरगी मशिनीत बी नापास झाली म्हणं."

"नापास नाही हो गेणभाऊ. थोडी मागे आहे."

"तेच की. तुमच्या फुड्यात बोलत न्हाई, मशिनीफुडं चालत न्हाई. माझी ल्येक पिंपळवंडीला दिलीय. तिला बाळ झालंय आन टमाट्याचं काम सुटंना. पोरीला तिकडं धाडतो. बाळ तरी सांभाळंल."

मी म्हटलं, चौथी पूर्ण होऊ द्या. ते म्हणाले, "घट बसंस्तोवर थांबतो. त्याच्या फुडं न्हाई." घट बसायला एक महिनाच आहे.

तू सांगितलेलं मग आठवलं, आणि दोन दिवस मी वरसूचा चेहरा बघत बसले. प्रितम, ती मुलगी दुःखी नाही. चुकते, बेडूक पडतो, आणि ही टॅब्लेटवर इतकी वाकते की नाक काचेला लागतं. शेजारच्या मुली ओरडतात, "अगं, चौपन्न! चौपन्न दाब!" ही ऐकत नाही. मला काहीतरी दिसतंय, पण नक्की काय ते कळत नाही. वर्गात तोंडी विचारलं तर ओढणी तोंडात.

टॅब्लेटच्या आत आणखी काही नोंद असते का? निकालाच्या कागदाहून वेगळी? असली तर ती कशी काढायची, पायरी-पायरीने लिहून पाठव. मला काही येत नाही असं समजून लिही.

रिंकूताई

*

घोडेगाव, २९ सप्टेंबर २०२४

प्रितम,

तुझ्या सूचनांप्रमाणे वायर लावून ती फाइल काढली तेव्हा त्यात नुसते आकडेच आकडे होते. मला वाटलं, काहीतरी बिघडवलं. तू मात्र दोन तासांत उत्तर पाठवलंस. ते मी इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय. "ताई, ती प्रत्येक गणितात तिन्ही चुकीची पानं एकेकदा दाबते आणि बरोबर पान सगळ्यात शेवटी. एकसष्टच्या एकसष्ट वेळा. उत्तर माहीत असल्याशिवाय ते इतक्या वेळा टाळता येत नाही."

मी खोलीत एकटी होते. मोठ्याने म्हणाले, "अगं बया!"

तेवढ्यात तुझी आणखी एक ओळ आली. "आमच्याकडे असं मुद्दाम चुकून बघायला माणसं नेमतात." मग बराच वेळ 'टाइप करतोय' असं दिसत राहिलं आणि पुढे काहीच आलं नाही. तू काय लिहून पुसलंस, मी विचारत नाही.

सोमवारी मी गेणभाऊंना आणि लंकाबाईंना शाळेत बोलावलं. आधी भिंतीवरचा रंगीत कागद त्यांच्यासमोर काढला आणि सांगितलं, "हा लावला ती माझी चूक. यात जे दिसतं ते खरं नाही." गेणभाऊंचा विश्वास बसला नाही. बाई पोरीची कड घेतायत, असंच त्यांच्या तोंडावर होतं.

मग वरसूला मधे बसवलं. म्हटलं, "आज आजोबांना दाखवायचंय. फक्त बरोबर पान दाब." तिने माझ्याकडे बघितलं. असं कंटाळवाणं काम का सांगता, अशा नजरेने. आणि सुरू झाली. अठ्ठेचाळीस, त्रेसष्ट, छत्तीस. बेडूक टाळ्या वाजवत सुटला. दहा झाली, पंधरा झाली. गेणभाऊ आकडे वाचत नाहीत, पण बेडूक पडत नाही हे त्यांना कळत होतं. विसाव्याला तिने जांभई दिली.

"बास," गेणभाऊ म्हणाले. "मंग आदी का चुकत व्हतीस गं?"

आणि वरसू बोलली. वर्गात, सगळ्यांसमोर, ओढणी तोंडात न धरता.

"चुकले न्हाई बाबा. बघत व्हते."

"काय बघत व्हतीस?"

"खाली पान्यात काय हाय ते. जिंकल्याव काईच दिसत न्हाई. नुसता टाळ्या वाजवतो."

तिने मग एकेक चुकीचं पान दाबून दाखवलं. कोपऱ्यातल्या पानाखाली कासव झोपलेलं आहे, बेडूक पडला की ते एक डोळा उघडतं. दुसऱ्याखाली एक लोखंडी पेटी आहे. तिसऱ्याखाली मासा, पण तो प्रत्येक वेळी वेगळ्या दिशेने पळतो. पेटी कधीतरी उघडते का ते ती शोधत होती. किती वेळा पडलं की उघडते, ते मोजत होती. अडीच महिने ते टॅब्लेट माझ्या हातात आहेत, प्रितम. मला ते कासव माहीत नव्हतं.

गेणभाऊंनी स्वतः एक पान दाबलं. बोट जाड, तीनदा दाबावं लागलं. बेडूक पडला, कासवाने डोळा उघडला. "आयला!" एवढंच म्हणाले. मग बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. लंकाबाई दारातच उभ्या होत्या, आत आल्या नव्हत्या.

"मामंजी, मी कवाची सांगत व्हते," त्या म्हणाल्या. "ती घरी बी तसंच करती. कोंबडी अंडं कुटं घालती ते कळलं तरी आदी बाकीच्या समद्या जागा बघून येती."

"पिंपळवंडीला निरोप धाडतो," गेणभाऊ उठत म्हणाले. "पोरगी यायची न्हाई म्हणावं. दुसरं कायतरी बघा." आणि जाता जाता माझ्याकडे वळून, "बाई, त्यो कागद परत लावू नगा."

नाही लावणार.

हे सगळं तुझ्यामुळे झालं. ते सांगायलाच लिहायला बसले होते. पण आणखी एक गोष्ट सांगायची आहे आणि ती या पत्रात सांगायला माझा धीर होत नाही.

रिंकूताई

*

घोडेगाव, १३ ऑक्टोबर २०२४

प्रितम,

काल दसरा झाला. मंचरला जायला हवं होतं, गेले नाही. हे पत्र त्या घरात बसून लिहिता आलं नसतं.

दरवर्षी संवत्सरीला मी तुला ते हात जोडलेलं चित्र पाठवते, मिच्छामि दुक्कडम् लिहिलेलं. शंभर जणांना एकदम जातं, त्यात तूही असतोस. कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा कर. यातलं 'कळत' मी कधी वाचलं नाही.

फेब्रुवारी २०११. तू बारावीला होतास, पूर्वपरीक्षेत भौतिकशास्त्रात नापास झाला होतास. मला शिक्षणसेवक म्हणून लागून तीन महिने झाले होते आणि मुलांच्या शिक्षणातलं सगळं मला कळतं असं मला वाटत होतं. तुझा तो कॉम्प्युटर, आपल्या गोण्यांच्या दुकानावरच्या खोलीतला. त्यावर दोन वर्षं तू खेळ बनवत होतास. गोण्यांच्या थप्प्यांवरून उड्या मारत जाणारा हमाल आणि मागे लागलेला ट्रक.

तो खेळ पप्पांनी पुसला नाही. मी पुसला.

त्या दिवशी पप्पा मार्केटात होते, मम्मी जैन स्थानकात प्रवचनाला गेली होती, तू क्लासला. मी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं आणि सांगितलं, व्हायरस आहे, सगळं साफ करा. त्याने विचारलं, "ताई, काही ठेवायचंय का?" मी म्हटलं, "काही नाही." तू दोन सीडी काढून ठेवल्या होत्यास, त्या तुझ्या गादीखाली असतात हे मला माहीत होतं. दुकानातल्या दाभणाने मी त्यांच्यावर रेघा ओढल्या. एकीवर नाही, दोन्हींवर.

आणखी एक आहे, ते पप्पांनाही माहीत नाही. तो माणूस येण्याआधी मी तुझा खेळ खेळले. पाऊण तास. तिसऱ्या पायरीपर्यंत गेले. तिथे हमाल दमून गोणीवर बसतो आणि पप्पांसारखा दिसणारा एक माणूस त्याला पाण्याचा तांब्या देतो. खेळ चांगला होता, प्रितम. मला आवडला. तो वाईट वाटला म्हणून पुसला असता तर आज सांगायला सोपं गेलं असतं. मला आवडला, आणि म्हणूनच भीती वाटली की तू यातून बाहेर येणारच नाहीस.

तू आलास, बघितलंस, जिन्यावरून ओरडलास, "कुणी केलं?" पप्पा नुकतेच वर आले होते. अंगभर तागाचे धागे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते म्हणाले, "मी."

नंतर मी त्यांच्याजवळ रडले तेव्हा ते म्हणाले, "आईबाप किती दिवसांचे? तुम्हा दोघांना एकमेकांचं राहायचंय. त्याला माझा राग येऊ दे, तुझा नको."

त्यांचा हिशेब चुकला. तू त्यांच्याशी बोलणं सोडलंस. ते घरी नसतील तेव्हाच घरी यायला लागलास, आणि मग तेही थांबलं. आणि मी, जिच्यासाठी त्यांनी हे केलं, ती तुझ्याशी बोलू शकले नाही. तुझ्या लक्षात आलं असेल, तू फोन केलास की मी लगेच मम्मीला द्यायचे.

मी तुझ्यापुढे काही कारण ठेवत नाही. वरसूचा लाल कागद भिंतीवरून काढला. तेव्हा ठरवलं की हे लिहायचं. तुला काय वाटेल, तू काय करशील, ते तुझं.

रिंकू

*

मंचर, २२ डिसेंबर २०२४

प्रितम,

दहा आठवडे झाले. तुझं उत्तर नाही. मी त्याची वाट बघते, पण तू ते द्यायलाच हवं असं नाही. हे पत्र पप्पांबद्दल आहे.

तुला सगळं सांगितलं, हे मी त्यांना दिवाळीनंतर सांगितलं. दुकानात बसून ते फाटक्या गोणीला टाके घालत होते. आता नवीन गोण्या प्लास्टिकच्याच येतात, पण जुनं बारदान शिवून घ्यायला अजून काही शेतकरी येतात. माझं बोलणं ऐकून त्यांनी सुई खाली ठेवली.

"तुला कुणी सांगितलं होतं सांगायला?"

आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यावर चिडले. संध्याकाळी जेवले नाहीत. मम्मीला काही कळेना, तिलाही तेव्हाच सगळं सांगितलं. ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही. तेही बरोबरच होतं.

पाचव्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर पप्पा म्हणाले, "त्याला तुझा राग आला असेल?"

"आला असणार."

"खूप?"

"खूपच असेल, पप्पा."

रस्त्यावर कांद्याचा ट्रक मागे घेत होते, त्याचा आवाज थांबेपर्यंत त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "म्हणजे माझ्यावरचा गेला असेल."

हे तुला कळावं एवढ्यासाठीच लिहिलं. ते स्वतः तुला फोन करणार नाहीत. नंबर त्यांच्याकडे आहे. दुकानातल्या कॅलेंडरच्या मागे, मम्मीच्या अक्षरात.

शाळेचं थोडं लिहिते, वाचावंसं वाटलं तर वाच. मुलांनी आता स्वतःचे खेळ बनवायला घेतलेत. टॅब्लेटवर नाही, अंगणात. फरशीवर खडूने पानं काढायची, आकडे लिहायचे, एकाने बेडूक व्हायचं. वरसूचा नियम असा की चुकणाऱ्याला एक गोष्ट बघायला मिळालीच पाहिजे. म्हणून प्रत्येक पानावर एक करवंटी पालथी घालतात आणि चुकीच्या पानावरच्या करवंटीखाली काहीतरी लपवतात, पीस, शिंपला, करवंदाचं पान, एकदा जिवंत गोगलगाय. आता चुकायला कुणी घाबरत नाही. आणि गंमत म्हणजे, पूर्वीपेक्षा कमी चुकतात.

रिंकू

*

मंचर, १६ मार्च २०२५

प्रितम,

तुझी बस आता पुण्याच्याही पुढे गेली असेल. संध्याकाळ होताच लिहायला बसले.

तुला माहीत नसेल, पण तू आलास ते मी वरून बघितलं. गॅलरीत कपडे वाळत घालत होते. हायवेच्या पलीकडे तू कितीतरी वेळ उभा होतास, गाड्या थांबत नव्हत्या. मला हाक मारता आली असती. मी मारली नाही. तू घरी येतोयस, माझ्याकडे नाही, हे मला वरूनच कळलं. ते तसंच असायला हवं होतं.

खाली काय झालं ते अर्धंच ऐकू आलं. पप्पा म्हणाले, "जेवलास का?" तू म्हणालास, "नाही." मग काहीच ऐकू येईना, म्हणून मी जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत आले. तू त्यांच्यासमोर बसून गोण्यांच्या घड्या घालत होतास. ते एक टोक धरत होते, तू दुसरं. तुझी घडी अजून उलटीच पडते, आणि ते न बोलता सरळ करत होते. पंचवीस गोण्यांचा एक गठ्ठा, असे चार झाले. तेवढ्या वेळात तुम्ही काय बोललात ते तुम्हा दोघांचं. मी परत वर गेले.

जेवताना तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मम्मीने तुझ्या पानात तिसरी पुरणपोळी वाढली तेव्हा मी तूप पुढे केलं आणि तू ते घेतलंस, एवढंच. निघताना चपला घालता घालता म्हणालास, "ताई, मला अजून तुझ्याशी बोलता येत नाही. पण लिहीत जा." मी मान हलवली.

तू गेल्यावर काय झालं ते तुला कोण सांगणार, म्हणून सांगते. पप्पांनी दुपारीच दुकानाचं शटर अर्धं ओढलं, वर आले, माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसले आणि म्हणाले, "तो नक्की काय करतो ते मला नीट समजावून सांग. मी त्याला विचारलं, त्याने सांगितलंही, पण मला कळलं नाही. कळलं असं मात्र दाखवलं."

मला तरी कुठे सगळं कळतं. मी टॅब्लेट काढले, खेळ दाखवले. लोक खेळ खेळतात, हा बघतो ते कुठे अडकतात, कशाला कंटाळतात, कशाला हसतात, आणि त्यावरून खेळ बदलतो. पप्पांनी दोन-तीनदा विचारलं, "आणि तो जिंकवत नाही त्यांना?" मी म्हटलं, "नाही, जिंकता येईल असं करून ठेवतो."

"चांगलं काम आहे," ते म्हणाले. "बारीक काम आहे."

तुझ्या वाढदिवसाला मम्मी फोन करेल तेव्हा फोन लगेच ठेवू नकोस. पप्पांना बोलायचं असतं आणि सुरुवात करायला वेळ लागतो.

रिंकू

*

घोडेगाव, २० एप्रिल २०२५

प्रितम,

तुझं कार्ड मिळालं. "एक मेला शाळा बघायला येऊ का?" एवढ्या एका ओळीसाठी बेंगळुरूहून पोस्टाचं कार्ड पाठवणारा माणूस आता तूच असशील. ये. त्या दिवशी सकाळी झेंडावंदन असतं आणि नंतर निकाल. सगळी वाडी शाळेत असते.

या वर्षीचे निकाल मी स्वतः लिहिलेत. प्रत्येक मुलाच्या कागदावर चार ओळी, त्याला काय येतं आणि त्याला काय बघायला आवडतं. संस्थेच्या लोकांना तू शोधलेली ती गोष्ट कळवली होती. त्यांनी लिहिलंय की जूनपासून रंगीत कागदाबरोबर मुलांनी दाबलेल्या सगळ्या पानांची नोंदही पाठवतील. पाठवतील तेव्हा खरं. वरसू पाचवीला धरणाच्या पलीकडच्या शाळेत जाणार आहे. गेणभाऊ स्वतः जाऊन नाव घालून आले आणि तिथल्या गुरुजींना बजावून आले, "पोरगी चुकली तर लगी रागवायचं न्हाई. आदी इचारायचं."

तू येणार हे मी मुलांना सांगितलंय. खेळ बनवणारा माणूस येणार म्हटल्यावर प्रश्नांची यादी सुरू झाली. आधी वाटलं होतं, "कॉम्प्युटरवाले सर येणार" असं सांगावं. मग म्हटलं, "माझा भाऊ येणार आहे." लंकाबाई म्हणाल्या, "बाई, तुमाला भाऊ हाय? कदी बोलला न्हाई." मी म्हटलं, "आहे. धाकटा."

आता वाट सांगते, नीट वाच, कारण शेवटी विचारायला फोन लागणार नाही. मंचरहून पहाटेची एसटी घे, घोडेगावला चहा प्यायला उतरू नकोस, गाडी थांबत नाही. डिंभ्याला उतर. तिथून जीप मिळते, ड्रायव्हरला फक्त "उंबरदांड" सांग, त्यांना सगळं माहीत असतं. धरणाच्या कडेकडेने रस्ता जातो. पाणी आता खूप उतरलंय, त्यामुळे बुडालेल्या शेतांचे बांध सरळ ओळीत वर आलेले दिसतील, उजव्या बाजूला बस म्हणजे दिसतील. तिसऱ्या वळणाला फोनची रेंज जाते. घाबरू नकोस, रस्ता एकच आहे. जीप आंब्याखाली सोडेल. तिथून पायवाट, दहा मिनिटांची चढण. सकाळी ऊन मागून येतं, त्रास होत नाही.

वर आलास की आधी मुलांचा आवाज ऐकू येईल, शाळा नंतर दिसेल. मी दारात असेन. माझ्याशी आधी बोलायला हवं असं काही नाही. थेट आत जा, मुलांमध्ये बस. ती तुला सोडणार नाहीत, दुपार होईल. बोलायचं असेल तर दुपारी बोलू. आणि दुपारीही नाही जमलं, तर मी तुला खाली जीपपर्यंत सोडायला येईन. ती दहा मिनिटं आपली.

रिंकूताई